ऊब पाठीवर हवी, पायाखाली नको

पत्र:

ताई नमस्कार, परवा कोंबडीची बारा पिल्लं आणली, एकेका दिवसाची. खोका पुठ्ठ्याचा, खाली भुसा, त्यामुळे बल्ब लावायची मला भीतीच वाटते, म्हणून कंबर शेकायचा हीटिंग पॅड घरात होता तोच टॉवेलात गुंडाळून खोक्यात खाली अंथरला. पण पिल्लं त्याच्यावर बसतच नाहीत, कोपऱ्यात गोळा होऊन रात्रभर ओरडतात. खोक्यात थर्मामीटर २४ च्या वर जात नाही आणि जिथे तिथे लिहिलेलं असतं ३५ पाहिजे. सकाळी बघावं तर पॅड बंदच असतो. एका पिल्लाच्या मागे शी चिकटून कडक झालीय. आमचे हे म्हणतात मुकाट्याने बल्ब लाव, सासूबाई म्हणतात खुडूक कोंबडीच हवी होती, मशीनने कुठे पिल्लं वाढतात होय. पॅड टाकून देऊ का?

ता. क. पुढच्या खेपेला बदकाचीही दोन-चार पिल्लं घ्यायचा विचार आहे, ती यातच चालतील का?

— बारा पिल्लांची आई

उत्तर:

बारा पिल्लांच्या आई, पॅड टाकू नका आणि बल्ब आणायलाही पळू नका. वस्तू बरोबर आहे, जागा चुकलीय. खाली अंथरलेला पॅड उचलून पिल्लांच्या डोक्यावर न्यायचा, एवढंच काम आहे, कसं ते सगळं सांगते. पण त्याआधी ते शी चिकटलेलं पिल्लू, कारण बाकीचं संध्याकाळपर्यंत थांबेल, ते नाही थांबणार.

शेपटीच्या खाली जिथून शी बाहेर पडते तिथेच ती वाळून बसली की रस्ताच बंद होतो आणि एवढंसं पिल्लू त्यात दगावू शकतं. कोमट पाणी घ्या, कापसाचा बोळा भिजवून त्या खपलीवर धरा, दाबू नका, नुसता धरा, दोन-तीन मिनिटं तरी लागतात मऊ व्हायला, बोळा गार झाला की परत कोमट पाण्यात बुडवायचा, मग कडेने थोडी थोडी सुटायला लागते तशी पुसत जायचं. वाळलेली ओढून काढायची नाही म्हणजे नाही, लव आणि कातडी दोन्ही सोबत येतात, आणि एकदा का रक्त दिसलं की बाकीची अकराजणं तिथेच टोचा मारायला लागतात. आणि हो, यात एक घोळ बरेच जण घालतात, पोटाच्या बाजूला पायांच्या मध्ये एक छोटीशी काळपट खपली दिसते ती बेंबी असते, ती शी नव्हे, तिला अजिबात हात लावायचा नाही, ती आपली आपण वाळून पडते. चिकटलेली शी असते ती बरोब्बर शेपटीखाली. साफ झालं की मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरडं करा, हेअर ड्रायर असेल तर सगळ्यात कमीवर आणि मध्ये आपला हात धरून, कारण ओलं पिल्लू बघता बघता गारठतं. शेवटी बोटावर किंचित पेट्रोलियम जेली घेऊन तिथे लावा म्हणजे परत चिकटणार नाही. पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचीच मागची बाजू बघत जा. हे कधी जास्त गरम झाल्यानेही होतं, कधी प्रवासाच्या ताणाने होतं, पण तुमच्याकडे कारण शोधायला फार लांब जायला नको, रात्रभर बंद पडलेला पॅड समोरच आहे.

आता मुद्द्याचं. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यातच तुमचं उत्तर आहे. खुडूक कोंबडी पिल्लांना घेऊन बसते तेव्हा ती काय करते ते आठवा, ती काही खुराडं तापवत बसत नाही. खुराड्यात चांगला गारठा असतो तरी पिल्लं मजेत असतात, कारण कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा चारेक अंशांनी जास्त, आणि पिल्लं तिच्या पोटाखाली-पंखाखाली शिरून आपली पाठ तिला चिकटवतात. थोडा वेळ ऊब घेतली की बाहेर, उकरायला, पळायला, एकमेकांच्या चोचीतलं पळवायला, आणि गार वाटलं की परत आत. म्हणजे ऊब येते वरून, आणि येते अंगाला अंग लागून. पायाखाली साधी जमीनच असते.

तुम्ही पॅड खाली घातलात तर उलटंच झालं ना, पाय आणि पोट तापतंय, पाठ गार ती गारच. शिवाय खालून तापणाऱ्या जागेवर पिल्लू बसलं की त्याच्याच अंगाखाली उष्णता कोंडते आणि चटका बसू शकतो, सांडलेलं पाणी आणि शी सगळी पॅडवरच जाते ते वेगळंच. पिल्लं उठून कोपऱ्यात गेली हे त्यांनी शहाणपणाचंच केलं. फक्त कोपऱ्यात त्यांना ऊब द्यायला कोणी नव्हतं म्हणून एकमेकांना चिकटून ओरडत बसली.

आणि तो ३५ चा आकडा. खोटा नाहीये तो, पण तुमच्या पद्धतीचा नाही. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ आणि मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं हे गणित बल्बवाल्या ब्रूडरचं, म्हणजे बल्बने तापवलेल्या पिल्लांच्या खोक्याचं आहे, तिथे पिल्लाला शिरायला काही नसतं, ते उघड्यावर उभं असतं, म्हणून त्याच्या भोवतालची हवाच तेवढी तापवावी लागते. नुकतं जन्मलेलं पिल्लू स्वतःच्या अंगाचं तापमान धरून ठेवू शकत नाही, अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, पहिले दहा-बारा दिवस तरी बाहेरची ऊब लागतेच. पण ऊब लागते म्हणजे सगळा खोका तापलेला लागतो असं नाही, हाकेच्या अंतरावर एक उबदार जागा असली म्हणजे झालं. त्यामुळे तुमच्या खोक्यातले २४ वाचून मला तर बरंच वाटलं, पॅडच्या पद्धतीत हवा २० असली तरी काही बिघडत नाही, फक्त झुळूक लागता कामा नये. पंख्याखाली, खिडकीच्या फटीसमोर, एसीच्या तोंडाशी खोका ठेवू नका. थर्मामीटर बघायचाच असेल तर पॅडच्या खाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीला धरून बघा, तिथे आत्ता ३२-३५ दिसलं की ठीक, खोक्याच्या मधोमध ठेवलेला थर्मामीटर तुम्हाला उगाच घाबरवतोय, काढून ठेवा तो.

तर आता गुहा करायची. बारीक भोकांची वेल्डेड जाळी घ्या, अर्ध्या इंचाची, पॅडपेक्षा थोडी मोठी कापा, कापलेली टोकं आत वळवा किंवा जाड टेपने झाका कारण ती नुसती ठेवली तर पिल्लाच्या डोळ्यात जातील नाहीतर तुमच्या हातात. जाळी कमानीसारखी वाकवा, एका बाजूने उंच, दुसऱ्या बाजूने बुटकी. आत्ताच्या पिल्लांना पुढे चारेक इंच आणि मागे अडीच-तीन इंच पुरे. हा उतार मुद्दाम ठेवायचा, म्हणजे जे पिल्लू लहान आहे किंवा ज्याला जास्त ऊब हवी ते मागे जाऊन पाठ टेकवतं आणि ज्याला जरा कमी हवी ते पुढे दाराशी बसतं, आपली जागा प्रत्येकजण आपली आपण शोधतो. मागची बाजू काही लोक पूर्ण बंद करतात, मला ते पटत नाही, घाबरली की सगळी आत घुसतात आणि मागचं पिल्लू चेंगरतं, त्यापेक्षा मागे नुसतं फडकं लोंबतं ठेवा, ऊबही राहते आणि चेपलेल्याला बाहेर पडायला वाटही राहते.

पॅड जाळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे कमानीच्या छताला खालून बांधायचा. आधी पॅडला पातळ प्लास्टिक गुंडाळा, स्वयंपाकघरात वापरतो तसलं चिकटणारं चालतं, मग उशीचा अभ्रा घाला, आणि अभ्र्याच्या कडांना नाडी लावून जाळीला बांधा. मध्ये झोळ आला तर नाडी अख्ख्या पॅडच्या भोवतीने फिरवून वर बांधा. पिन नाही, टाचणी नाही, सुई नाही, पॅडच्या आत तारांचं जाळं असतं, त्यात काही घुसवायचं नाही आणि पॅडची घडीही घालायची नाही. कमानीसारखं हलकं वाकलेलं चालतं, दुमडलेलं चालत नाही, दुमडलेल्या जागी तार तुटते नाहीतर तिथेच जास्त तापते. अभ्रा घट्ट विणीचा सुती घ्या. टॉवेल आतल्या बाजूला नको, त्याचे जे फासे असतात ना बारीक, त्यात नखं अडकतात, आणि उसवलेला धागा पायाला गुंडाळला गेला तर पाय सुजेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. टॉवेल वर टाका, जाळीच्या पाठीवर, म्हणजे ऊब वर उडून न जाता खाली राहते, आणि त्याच्यावर एक प्लास्टिक, कारण थोडी मोठी झाली की ही मंडळी गुहेच्या छपरावर जाऊन बसणार आहेत आणि तिथे काय करणार आहेत ते तुम्हाला कळलंच असेल. रजई वगैरे जाड काही वर घालू नका.

वायर खोक्याच्या बाहेर काढताना चोचीला लागणार नाही अशी वरून काढा, बटणाचा रिमोट पूर्ण बाहेर ठेवा. पॅड जुना असेल, वायर कुठे चिरलेली असेल, कापडावर कुठे करपल्यासारखा डाग असेल तर तो वापरू नका, अगदी एक रात्रसुद्धा नाही. आणि हे स्पष्टच सांगते, कंपनीने हा पॅड माणसाची कंबर शेकायला बनवलेला असतो, त्यामुळे रोज एकदा सगळं हात लावून तपासणं ही आपली जबाबदारी. दरवर्षी पिल्लं काढायचा बेत असेल तर खास पिल्लांसाठी पायांवर उभी राहणारी हीटिंग प्लेट मिळते, तत्त्व हेच, उंची कमीजास्त करता येते आणि धुवायला सोपी, एकदा तीच घ्या. एकाच खेपेसाठी मात्र गुहा पुरते.

सकाळी पॅड बंद सापडतो त्याचं काय, तर तो बिघडलेला नाही, त्याला तसंच बनवलंय. बहुतेक पॅड दीड-दोन तासांनी आपोआप बंद होतात, शेकता शेकता माणूस झोपला तर भाजू नये म्हणून. काहींमध्ये ही सोय बंद करता येते, एखादं बटण दाबून धरावं लागतं किंवा वेगळं सेटिंग असतं, सोबतच्या माहितीपत्रकात बघा. नसेल तर हा पॅड या कामाचा नाही, सतत चालू राहणारा दुसरा घ्या. रिमोट उघडून आतली वायर इकडची तिकडे करणारे महाभाग असतात, त्यांच्या नादी लागू नका. दर दोन तासांनी गजर लावून उठणं हाही उपाय नाही, तिसऱ्या रात्री तुम्ही गजर बंद करून झोपणारच. टायमरच्या प्लगनेही काम होत नाही, कारण डिजिटल बटणांचे पॅड करंट जाऊन आला तरी स्वतःहून चालू होत नाहीत, बंदच राहतात. जुन्या धाटणीचा, सरकवायचं बटण असलेला पॅड मात्र करंट आला की आहे त्या सेटिंगवर परत सुरू होतो, मिळाला तर तोच घ्या, लाइट गेली-आली तरी डोक्याला ताप नाही.

गुहा तयार झाली की पिल्लं घालायच्या आधी तासभर पॅड चालू ठेवा आणि मग आपला तळहात उलटा करून, म्हणजे मागची बाजू वर करून, छताला टेकवा. पाचएक मिनिटं आरामात ठेवता आला पाहिजे, हात काढून घ्यावासा वाटला तर सेटिंग एक पायरी खाली. सुरुवातीला साधारण जास्तीच्या सेटिंगवरच ठेवावा लागतो कारण मध्ये अभ्रा आणि प्लास्टिक असतं, पण प्रत्येक पॅड वेगळा, हाताचं ऐका.

आता पहिली संध्याकाळ, आणि इथे पुष्कळ लोक धीर सोडून बल्बकडे वळतात. पिल्लांना गुहा माहीत नसते. कोंबडी असती तर तिने कुर्र कुर्र करून बोलावलं असतं, पॅड बोलावत नाही. त्यामुळे दिवसा एकेकाला उचलून आत सोडायचं, हात दाराशी आडवा धरून अर्धा मिनिट थांबायचं. पहिलं पिल्लू आत गोंधळून उभं राहतं, मान वर करतं, चुकून पाठ छताला लागते आणि मग बघण्यासारखं असतं, ओरडणं मधेच तुटतं, पाय हळूहळू पसरतात, ते आणखी वर सरकून पाठ कापडाला घट्ट लावतं आणि डोळे मिटायला लागतात. एकाला कळलं की बाकीची त्याच्या मागोमाग जातात. अंधार पडताना मात्र परत गोंधळ होतो, काही बाहेरच एका ढिगात बसतात आणि आकांत मांडतात, तेव्हा न चिडता सगळ्यांना हाताने आत ढकलायचं, खोलीतला दिवा घालवायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. बाहेर आली तर परत ढकलायचं. एक-दोन रात्री हे करावं लागतं, मग अंधार पडला की स्वतःच जातात.

दिवा घालवायचा म्हणजे खरंच घालवायचा. बल्बच्या तुलनेत पॅडचा मोठा फायदा हाच आहे की ऊब आणि उजेड वेगळे होतात. बल्बखाली पिल्लांना चोवीस तास दिवस असतो, नीट झोप नाही, आणि झोप न झालेली पिल्लं एकमेकांची पिसं उपटत बसतात. गुहेत ती रात्री झोपतात आणि तुम्हीही झोपता. दिवसा खिडकीतला उजेड पुरे, पहिले दोन दिवस दाणापाणी नीट दिसेल एवढं बघा.

सगळं बरोबर चाललंय का हे पिल्लंच सांगतात. एका लयीत हळू आवाजात कुजबुज चाललीय, काही आत, काही बाहेर, एखादं दारातून नुसतं डोकं बाहेर काढून बसलंय, म्हणजे उत्तम. टिपेचा, न थांबणारा, कानात घुसणारा आवाज आणि सगळी एका ढिगात म्हणजे गारठलीत, मग सेटिंग वाढवा किंवा छत खाली घ्या, बहुतेक वेळा छतच उंच झालेलं असतं आणि पाठ टेकत नसते. रात्रीसुद्धा सगळी गुहेच्या बाहेर, पंख अंगापासून सुटे, चोच उघडी आणि धाप, म्हणजे आत जास्त गरम झालंय. रात्री एकदा टॉर्च लावून बघा, पण लांबूनच, उगाच टॉवेल उचलून बघू नका, सगळी ऊब जाते आणि ती घाबरतात. एखादं पिल्लू अगदी मलूल, मान टाकलेलं दिसलं तर त्याला आधी ऊब, मग दोन थेंब पाणी, मग दाणा, हाच क्रम, गारठलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही.

तुमच्या यांना काय सांगायचं? बल्ब वाईटच असं मी म्हणणार नाही, शेकड्याने पिल्लं असली तर पॅड पुरणार कुठे, तिथे बल्ब, गॅस ब्रूडर असलंच काही लागतं. पण पुठ्ठ्याचा खोका, कोरडा भुसा, वर २५० वॉटचा तांबडा दिवा आणि खाली फडफडणारी पिल्लं, यात एक गाठ सुटली की पुढचं सांगायला नको, तुमची भीती अगदी रास्त आहे. आणि विजेचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, २५० वॉटचा दिवा चोवीस तासांत ६ युनिट खातो, ५० वॉटचा पॅड सव्वा युनिटच्या आत. तरीही कधी दिवा लावायची वेळ आलीच तर वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने टांगा, दुसरा वेगळा आधार द्या, पुढे तारेची जाळी हवी आणि भुशापासून निदान दीड फूट उंच.

भुसा म्हणजे लाकडाच्या सालपटासारखा जाड चालेल, पिठासारखा बारीक नको, तो खातात आणि नाकातही जातो. पहिले दोन-तीन दिवस भुशावर सुती फडकं अंथरा म्हणजे दाणा कुठला आणि भुसा कुठला ते कळतं. नुसता वर्तमानपत्राचा कागद नको, घसरतात आणि पाय फाकतात ते तसेच राहतात. पाण्याचं भांडं उथळ, त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका म्हणजे कोणी आत पडून बुडणार नाही, आणि पाणी-दाणा गुहेपासून दूर, खोक्याच्या दुसऱ्या टोकाला. ओलावाही पॅडपासून लांब राहतो आणि पिल्लांना ये-जा करायला लागते, त्या ये-जा करण्यातच ती काटक होतात. दाणा स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचा असतो तोच द्या, मोठ्या कोंबड्यांचा अंड्यावरचा दाणा नको, त्यात कॅल्शियम फार असतं. जागा आत्ता पिल्लामागे अर्धा चौरस फूट पुरते, महिन्याची होईपर्यंत दुप्पट लागेल, तेव्हा दुसरा खोका हेरून ठेवा.

लाइट गेली तर घाबरू नका. बारा पिल्लं एका गुहेत, वर टॉवेल, म्हणजे थोडा वेळ त्यांची त्यांनाच ऊब पुरते, तेवढ्यात टॉवेलवर अजून एखादी शाल टाका, पॅड बंद आहे तोवर चालतं. जास्त वेळ गेली तर बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून गुहेत कडेला आडवी ठेवा, लोळून पिल्लांवर जाणार नाही अशी, आणि गार झाली की बदला. इन्व्हर्टर असेल तर पॅडचा भार त्याला काहीच नाही. लाइट आली की शाल काढा आणि पॅड खरंच चालू झाला का ते हाताने बघा, डिजिटलचं मघाशी सांगितलंच.

पुढे काय, तर दर आठवड्याला जाळी थोडी वर आणि सेटिंग थोडं खाली. नेम असा की पिल्लू आत उभं राहिलं की पाठ टेकली पाहिजे, वाकून बसावं लागत असेल तर छत वर घ्यायची वेळ झाली. दुसऱ्या आठवड्यात दिवसा फारशी आत दिसणार नाहीत, घाबरली की मात्र सगळी एका क्षणात गायब. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवर पिसं भरायला लागतात आणि रात्री काहीजण छपरावर झोपतात, तेव्हा दिवसाचा पॅड बंद करा, रात्रीचा ठेवा. पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसं आली की रात्रीचाही बंद. खोली उबदार असेल तर आधीच लागेनासा होतो, रात्री फार गार असतील तर आठवडाभर जास्त ठेवा, तारखेवर जाऊ नका, रात्री सगळी बाहेर झोपताना दिसली की समजायचं. त्यानंतर गुहा लगेच काढू नका, पॅड काढून नुसती जाळी आणि टॉवेल राहू द्या काही दिवस, लपायची सवय एकदम मोडली की रात्री कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात.

बदकांचं म्हणाल तर त्यांनाही अशीच ऊब चालते, पण त्यांना कोंबडीच्या पिल्लांसोबत एका खोक्यात ठेवू नका. बदकाचं पिल्लू पाणी पीत कमी आणि उडवतं जास्त, संध्याकाळपर्यंत भुशाचा चिखल होतो, त्यात कोंबडीची पिल्लं ओली होऊन गारठतात, आणि विजेचा पॅड आणि ओला खोका हे एकत्र नकोच. ती वाढतातही भराभर, तुमच्या गुहेचं छत त्यांना आठवड्याभरात बुटकं पडेल. घ्यायचीच असतील तर वेगळा प्लास्टिकचा टब, पाण्याच्या भांड्याखाली जाळी आणि जाळीखाली ताट, म्हणजे सांडलेलं ताटात पडेल, आणि ऊब द्यायला पायांवरची धुता येणारी प्लेट.